समाजशास्त्र देव मानत नाही, लग्नाला व्यवहार म्हणतं आणि सगळं खापर मोबाईलवर फोडतं, हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न एकच असला तरी आरोप तीन आहेत. मी धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो, म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहूनच बोलतोय असं समजा.

आधी देवाचं. देव आहे की नाही, यावर समाजशास्त्र बोलतच नाही. या विद्येचा पाया घालणाऱ्यांतला फ्रान्सचा एमिल डर्कहाइम रब्बीच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूच्या, घरात जन्मला आणि पुढे श्रद्धा सोडून दिली. दुसरा, जर्मनीचा मॅक्स वेबर, तर स्वतःबद्दल म्हणायचा की धर्माच्या सुराला मला कानच नाही. तरी दोघांनी आयुष्याची कितीतरी वर्षं धर्म समजून घेण्यात घालवली. त्यांचा प्रश्न वेगळा होता: माणसं देवासाठी जमतात तेव्हा त्या जमण्यातून काय तयार होतं?

आमच्या खान्देशातली कानबाई घ्या. तुम्ही इकडचे नसाल तर थोडक्यात सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला देवीचं रूप देतात, नथ-दागिने घालतात, रात्रभर जागरण होतं आणि सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. पण खरी गंमत रोटांची. आमच्या भाऊबंदकीत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात. मुलगा जन्मला की मूठ वाढते, कुणी गेला की कमी होते. त्या पिठाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, सोबत खीर आणि गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी. रोट खायचे ते फक्त भाऊबंदांनी, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. शेजारी कितीही जवळचा असू दे, त्याला पुरणपोळी मिळेल, रोट नाही. एरवी बांधावरून कोर्टात गेलेले चुलतभाऊसुद्धा त्या दिवशी एका पंगतीला बसतात. (दुसऱ्या दिवशी पुन्हा तारखेला जातात, ते वेगळं.)

डर्कहाइमने १९१२ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कुळांबद्दल लिहिलं ते नेमकं हेच. तो स्वतः तिकडे कधी गेला नाही, दुसऱ्यांनी केलेल्या नोंदी वाचून त्याने मांडणी केली. त्याचं म्हणणं असं की एरवी विखुरलेलं कुळ पूजेच्या निमित्ताने जमतं तेव्हा माणसांना स्वतःपेक्षा मोठं असं काहीतरी अंगात संचारल्यासारखं जाणवतं. ती ताकद खरी असते, भास नसतो. फक्त ती येते कुळाच्या एकत्र येण्यातून, आणि लोक तिला देवतेचं नाव देतात. ‘कानबाईले येजो’ (कानबाईला ये) असा गावाकडून फोन आला की सुरतेत कामाला गेलेला आमचा माणूस मालकाशी भांडून सुट्टी घेतो, त्यामागे ही ताकद असते. आपल्याकडे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये कर्नाटकातल्या कूर्गमधल्या लोकांच्या धर्मावर लिहिताना तिथल्या ‘ओक्का’ नावाच्या कुळ-कुटुंबाचे विधी असेच उलगडून दाखवले.

पण डर्कहाइमवर थांबलात तर अर्धंच दिसेल. पंगत जोडते, तशी ती कुंपणही घालते. सव्वा मूठ पुरुषाच्या नावाची, बाईच्या नावाची नाही. लेक लग्न करून गेली की तिचं कुळ बदललं, आमच्याकडे मग तिला रोट चालत नाही. ज्या अंगणात ती वाढली तिथे ती त्या दिवशी पाहुणी. (आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हीच लेक मानाने माहेरी येते, तिच्यासाठी झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. तो सण तिचा. म्हणजे कुठल्या सणाला कोण आत आणि कोण बाहेर, याचं वेळापत्रकच ठरलेलं आहे.)

हे कुंपण जास्तीत जास्त स्पष्ट कुणी दाखवलं असेल तर माझ्या मते बाबासाहेब आंबेडकरांनी. मे १९१६ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातीवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या सक्तीवर, हा त्याचा गाभा. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथांकडे त्यांनी त्या सक्तीची साधनं म्हणून पाहिलं. नवरा मेल्यावर उरलेली बाई आणि बायको मेल्यावर उरलेला पुरुष, यांनी जातीबाहेर पाऊल टाकू नये म्हणून केलेली सोय. धर्म आणि नाती हे दोन वेगळे विषय नाहीत, हे मला त्या निबंधाने पटवलं. देवघरात कोण बसणार आणि लग्न कुणाशी होणार, दोन्हीकडे प्रश्न एकच: आपलं कोण?

समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर चालल्या तेव्हा त्यांनाही हेच दिसलं. एकाच दिंडीत, एकाच नामघोषात चालणारी माणसं मुक्कामाला आली की ब्राह्मणांची चूल वेगळी आणि मराठ्यांची वेगळी. त्यांना त्याचा त्रास झाला आणि त्यांनी तो लपवला नाही. ज्या प्रदेशातले लोक पंढरपूरला वारीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या करणाऱ्याही त्याच. जोडणं आणि वगळणं एकाच वेळी पाहता येणं ही या विद्येतली अवघड गोष्ट आहे. भक्त एक पाहतो, टीकाकार दुसरं.

शिक्षण आणि यंत्रं आली की धर्म ओसरेल, असं एकेकाळी बहुतेक समाजशास्त्रज्ञ मानत. पीटर बर्जरही १९६० च्या दशकात तेच सांगायचा. १९९९ मध्ये त्यानेच लिहिलं की जग पूर्वीइतकंच धार्मिक आहे. आम्हाला ते कळायला पुस्तक लागलं नसतं. चैत्रात सप्तशृंगी गडाकडे निघालेली खान्देशातली पायी गर्दी पाहिली असती तरी पुरलं असतं. वेबरचं म्हणणं मात्र मला अजून टिकाऊ वाटतं. १९१७ च्या एका व्याख्यानात तो म्हणाला की आधुनिक जगातली जादू उतरली आहे, म्हणजे कुठलीही गोष्ट तत्त्वतः हिशोबाने समजून घेता येते असं माणूस धरून चालतो. रावेरकडचा केळीवाला टिश्यू कल्चरचं रोप लावतो, ठिबकमधून खताचे डोस तारखेनुसार सोडतो आणि मोटार सुरू करण्याआधी नारळही फोडतो. पण केळीवर करपा आला की तो भगताकडे जात नाही, कृषी केंद्रात जातो. देव राहिला, त्याचं खातं तेवढं बदललं.

आता लग्नाचं. लग्न म्हणजे ‘निव्वळ’ व्यवहार असं समाजशास्त्र म्हणत नाही, पण देवाणघेवाण नक्की म्हणतं. डर्कहाइमचा भाचा मार्सेल मॉस याने १९२५ च्या सुमारास भेटवस्तूंवर लिहिलं. देणं, घेणं आणि परत करणं अशी तीन बंधनं त्याने सांगितली आणि आमच्या आहेराच्या वहीत ती तिन्ही दिसतात. कुणी किती दिले ते लिहायचं, त्याच्या घरी कार्य निघालं की वही उघडायची आणि थोडं वाढवून द्यायचं. बरोब्बर तेवढेच परत केले तर हिशोब मिटतो आणि हिशोब मिटला की नातंही सैल होतं. म्हणून ‘कृपया आहेर आणू नये’ ही पत्रिकेवरची ओळ मला साधी वाटत नाही. तिचा अर्थ असाही निघतो की आम्हाला तुमच्या आधाराची गरज उरलेली नाही. सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याच्या, घरची पत्रिका असं छापत नाही.

पत्रिका हा तर आमच्या विषयाचा उत्तम कागद आहे. सगळ्यात वर कुलदेवता, मग स्वर्गवासी आजोबा, मग निमंत्रक, व्यवस्थापक, समस्त भाऊबंद, खाली ‘मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली, आणि हल्ली एखाद्या पुढाऱ्याचा फोटो. नवरी-नवरदेव मधे कुठेतरी.

इंग्लंडातला समाजशास्त्रज्ञ अँथनी गिडन्स याने १९९२ मध्ये असं मांडलं की आधुनिक काळात नातं दोघांना त्यातून समाधान मिळतं तोवरच टिकतं, बाहेरच्या कुठल्या आधारावर नाही. इंग्लंडात असेल तसं. आमच्याकडचा बायोडेटा वाचा: मुलाला पॅकेज हवं, पुण्यात फ्लॅट हवा, गावी शेती हवी पण मुलगा शेतकरी नको. यात मुलींचा हावरटपणा पाहणारे पुष्कळ आहेत. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ८५० हूनही कमी होत्या. ज्या पिढीने मुली येऊ दिल्या नाहीत ती आता सुना मिळत नाहीत म्हणून मेळाव्यांतून फिरते, आणि दोष मुलींच्या अपेक्षांना देते. शेतीत बाईच्या वाट्याला काय येतं हे आईला पाहून त्या मुलीला ठाऊक झालेलं असतं. तिची अट मला पूर्ण शहाणपणाची वाटते.

राहिला मोबाईल. ‘पूर्वी माणसं माणसांना धरून होती’ ही तक्रार मोबाईलहून फार जुनी आहे. फर्डिनांड ट्योनीसने १८८७ मध्येच जर्मनीत गावची ऊब आणि शहराचा कोरडेपणा अशी जोडी मांडली होती. शहरात गेलं की एकत्र कुटुंब मोडतं, हे गृहीतकही आपल्याकडचे समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी तपासलं. सौराष्ट्रातल्या महुव्यात त्यांनी पाहिलं की चुली वेगळ्या झाल्या तरी मालमत्ता, मदत आणि घरचे विधी एकत्र राहू शकतात. सुरतेत उधना-लिंबायतकडे राहणाऱ्या आमच्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. कानबाई तिथेही बसते.

समाजशास्त्रज्ञ झिगमुंट बाउमन २००३ मध्ये म्हणाला की आता नात्यांऐवजी जोडण्या आल्या, हव्या तेव्हा जोडायच्या, हव्या तेव्हा तोडायच्या. लिहायचा सुंदर, पण त्याने भाऊबंदकीचा व्हॉट्सॲप ग्रुप पाहिलेला नव्हता. तो ग्रुप कुणी सोडला तर गावच्या पारावर चर्चा होते, वडिलांना फोन जातात, आणि माणूस दोन दिवसांत पुन्हा जोडला जातो. आमच्या ग्रुपमध्ये लग्न झालेल्या लेकीही आहेत, कारण जुने फोटो आणि नातवंडांचे वाढदिवस त्यांनाच आठवतात. रोटाची तारीख त्यांनाही तिथेच कळते. यावर दोन काकांनी आक्षेप घेतला होता, पण ग्रुपची ॲडमिन एक लेकच निघाली.

वाचायला सुरुवात करायची असेल तर इरावतीबाईंच्या पंढरीच्या वाटचालीवरच्या लेखापासून करा, तो मराठीत आहे आणि छोटा आहे. डर्कहाइमचा १९१२ चा ग्रंथ हाती आला तर पहिल्या पानापासून वाचू नका, कंटाळून सोडाल. दुसऱ्या भागातलं सातवं प्रकरण उघडा. आणि शक्य झालं तर ते श्रावणात वाचा, त्याच आठवड्यात आमच्याकडे या. रोट काही तुम्हाला मिळणार नाहीत, पुरणपोळी मिळेल.