जुनी रायफल, नवा दस्ता: वाचकांची प्रश्नोत्तरे

पावसाळा सरला की दस्त्यांविषयीची, म्हणजे रायफलची नळी आणि यंत्रणा ज्यात बसते त्या भागाविषयीची, पत्रे सुरू होतात. प्रश्न दरवर्षी तेच, म्हणून उत्तरे एकत्र देतो.

लाकडी दस्ता काढून सिंथेटिक बसवला, तर परवान्याची भानगड होईल का? (कोथरूड)
आधी परवाना शाखेत विचारा, मग स्क्रू सोडवा.

परदेशी साइटवर 'कुठल्याही माउझरला बसतो' असा दस्ता स्वस्तात आहे. कुरिअरने मागवू? (औंध)
नको. १९५९च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रांतच धरलेत. शिवाय 'कुठल्याही' ही शुद्ध थाप. माउझर ही मूळची जर्मन घडणीची रायफल. तिच्या रिसीव्हरची, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता बोल्ट ज्यात चालतो त्या पोलादी घराची, जाडी आणि लांबी मॉडेलगणिक बदलते.

आजोबांच्या .२७५ रिग्बीच्या (माउझरवर बांधलेली ब्रिटिश रायफल) दस्त्याला रिसीव्हरच्या शेपटीमागे चीर गेली आहे. ओळखीचे सुतार म्हणतात, फेविकॉल भरून शिकंज्यात धरू. (सदाशिव पेठ)
सुतारकाकांना नमस्कार सांगा आणि रायफल त्यांच्यापासून लांब ठेवा. चीर हा रोग नाही, लक्षण आहे. रिसीव्हरच्या पोटाखालचा लग, म्हणजे पोलादी ठोकळा, लाकडाला घट्ट टेकून धक्का झेलतो. तिथले लाकूड दबले की रिसीव्हर मागे सरकतो आणि शेपटी पाचरीसारखी दस्त्यात घुसते. प्रत्येक गोळीगणिक चीर वाढणार, वर गोंद कितीही भरा. लाकूड का दबते? बहुतेक वेळा तेलाने! लोक प्रेमाने भरमसाट तेल घालतात आणि रायफल कपाटात नळी वर करून उभी ठेवतात. ते तेल वर्षानुवर्षे झिरपून अक्रोडाचा भुसा करते. शेपटीलगतचे लाकूड काळे, मऊ झाले असेल तर हेच घडले आहे. इलाज असा: आतले तेल ओढून काढायचे, लगमागे इपॉक्सीची बैठक करायची, शेपटीमागे कागदाएवढी फट सोडायची. हे परवानाधारक गनस्मिथकडेच करा. तोवर एकही गोळी झाडू नका. 'पुढच्या सुट्टीत बघू' असे म्हणून दस्ते दुभंगतात. मूळ दस्ता वाचत असेल तर नवा घेऊच नका.

जुन्या माउझरवर दुर्बीण बसवता येईल का? (बाणेर)
येईल, पण रिसीव्हरला भोके पाडावी लागतात आणि बोल्टचा सरळ दांडा वाकवावा लागतो. दांडा तापवताना उष्णता बोल्टच्या पुढच्या टोकावरच्या, त्याला कुलूप घालणाऱ्या लगांपर्यंत गेली तर पोलाद मऊ पडते. वेल्डिंगवाल्याकडे हे काम नेऊ नका. मूळ रिग्बी असेल तर भोक पाडण्याआधी जाणकाराकडून किंमत करून घ्या. नंतर ती घसरलेली असेल.

दस्त्याला पॉलिश की जवसाचे तेल? (भोर)
उकळलेले जवसाचे तेल, बोटाने, अगदी पातळ. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. तेलाच्या चिंध्या चुरगळून टोपलीत टाकू नका, आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळवा.