जाळीतून उजेड येतो, मग लहरी का नाही?

प्रश्न: मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराला बारीक भोकांची जाळी आहे. तिच्यातून आत फिरणारी वाटी दिसते, म्हणजे उजेड बाहेर येतो. मग लहरी येत नसतील कशावरून? बंद ओव्हनमध्ये मोबाइल ठेवून फोन लावला, तर रिंग वाजली. ओव्हन गळतो आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: उजेड आणि मायक्रोवेव्ह एकाच जातीच्या विद्युतचुंबकीय लहरी, फरक लांबीचा. ती काढायची रीत सोपी आहे. 300 ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागा, तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. घरगुती ओव्हन 2450 मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे लहर सुमारे 12.2 सेंटिमीटरची. दाराचं भोक जेमतेम एक-दोन मिलिमीटरचं. एवढ्या लांब लहरीला ती जाळी सलग पत्र्यासारखीच असते आणि लहर आत परतते. हिरव्या उजेडाची लहर मात्र 0.00055 मिलिमीटरची, तिला तेच भोक म्हणजे गावची वेस.

मोबाइलच्या चाचणीवर विसंबू नका. दाराच्या कडेला, प्लास्टिकच्या पट्टीमागे, पाव तरंगलांबीची म्हणजे साधारण 3 सेंटिमीटरची पन्हळ असते. फटीत शिरलेली लहर तिच्यात जाऊन उलटी होऊन येते आणि मूळ लहरीला मारते. हा बेत फक्त 2450 च्या आसपास जमतो. फोन 900 किंवा 1800 सारख्या दुसऱ्याच पट्ट्यांवर बोलतो. शिवाय फोनचा कान फार तिखट. सिग्नल लाखपटीने कमी झाला तरी तो ऐकू शकतो. तेव्हा रिंग वाजली यावरून काहीच ठरत नाही, आणि चुकून कुणी ओव्हन सुरू केला तर फोन मात्र जातो.

त्यापेक्षा दार नीट बघा. बिजागरी सैल आहे का, दार एका कोपऱ्यात उचललं जातं का, कडेवर तेलकट थर साचला आहे का, जाळी कुठे गंजून फाटली आहे का. गोल भोकापेक्षा लांबट फट वाईट. केसाएवढी अरुंद, पण 6 सेंटिमीटर लांब फट अर्ध्या लहरीइतकी होते आणि चक्क अँटेनासारखी लहर बाहेर फेकते. अशा ओव्हनला दुरुस्तीपर्यंत हात लावू नका.

प्रश्न: फ्रिजमधलं वरण गरम केलं की कडेला उकळतं आणि मध्ये गारच. लहरी 'आतून' तापवतात म्हणतात ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर: तो गैरसमज आहे. या लहरी पाणीदार पदार्थात दोन-तीन सेंटिमीटर जातात, पुढे त्यांचा जोर संपतो. मधला भाग बाहेरच्या उष्णतेवरच तापतो. दुसरं कारण म्हणजे ओव्हनच्या भिंतींवर आपटून लहरी एकमेकींत मिसळतात आणि काही जागा तापट, काही थंड राहतात. हे बघायचं असेल तर फिरती काच आणि तिची चाकं काढा, मधल्या खुंटीवर काचेची पसरट थाळी उपडी घाला आणि तिच्यावर कच्चे पापड एकमेकांना चिकटून मांडा. वीस-तीस सेकंदांत काही ठिकाणी फुलतील, काही ठिकाणी कच्चे राहतील. फुललेल्या ठिपक्यांत साधारण अर्ध्या लहरीचं, 6 सेंटिमीटरच्या आसपासचं अंतर दिसेल. भिंती सहा असल्यामुळे नक्षी तंतोतंत येत नाही. वरणापुरता उपाय असा: पसरट भांडं, दीड-दोन सेंटिमीटरचा थर, अर्ध्यावर थांबवून ढवळणं आणि शेवटी मिनिटभर झाकून ठेवणं.

प्रश्न: नारायणगावजवळ खोडदला दुर्बिणीच्या प्रचंड छत्र्या पाहिल्या. त्यांच्यातून आरपार आभाळ दिसतं. अशा विरळ जाळीत आकाशातल्या लहरी अडकतात कशा?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर: वरचंच गणित, मोठ्या मापात. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या जीएमआरटी नावाच्या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 छत्र्या आहेत. ती साधारण 150 ते 1420 मेगाहर्ट्झ ऐकण्यासाठी बांधली, म्हणजे लहरी 2 मीटरपासून 21 सेंटिमीटरपर्यंत. जाळी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा स्टेनलेस स्टीलच्या तारेची; मध्याकडे घर 10 मिलिमीटरचं, कडेकडे 20 पर्यंत. सर्वांत आखूड, 21 सेंटिमीटरच्या लहरीच्या मानानेही मोठं घर दहावा हिस्सा. ही लहर आकाशातल्या हायड्रोजन वायूतून निघते, म्हणून खगोलवाल्यांना ती विशेष प्यारी.

जाळीचा खरा फायदा वाऱ्यात आहे. 45 मीटरचा सलग पत्रा शिडासारखा वारा धरतो; मग सांगाडा, मोटारी, पाया सगळंच जाड आणि महाग. इथे वारा आरपार जातो. उलट, याच छत्रीवर 1 सेंटिमीटरची लहर आली तर तीही बरीचशी वाऱ्यासोबत निघून जाईल.

प्रश्न: जोराच्या पावसात डीटीएच बंद पडतं, पण गावातल्या केबलवाल्याच्या मोठ्या छत्रीवर चॅनेल चालू असतात. आमची छत्री बदलावी का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: छत्री बदलून फारसा फरक पडणार नाही. डीटीएचचा सिग्नल 11-12 गिगाहर्ट्झच्या आसपास, लहर अडीच सेंटिमीटर. पावसाचे मोठे थेंब पाच मिलिमीटरपर्यंतचे, लहरीच्या पाचव्या हिस्स्याइतके; ते ऊर्जा शोषतातही आणि विखुरतातही. केबलवाला बहुधा 4 गिगाहर्ट्झचा पट्टा घेतो. ती लहर साडेसात सेंटिमीटरची, पावसाला फारशी जुमानत नाही. त्यांच्या जुन्या छत्र्या जाळीच्या चालत आणि तुमची पत्र्याची लागते, तेही याचमुळे.

मात्र बिघाड पावसाचाच आहे ना, हे तपासा. सर गेल्यावर पाच-दहा मिनिटांत चित्र आलं तर तो आकाशाचा दोष. तासन्‌तास आलं नाही तर केबलीत पाणी शिरलं असणार. एलएनबीच्या, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावरच्या डबीच्या, टोकाचा एफ-कनेक्टर (केबल जोडणारी पेचाची टोपी) उघडा. मधली तांब्याची तार हिरवट किंवा बाहेरची जाळी काळी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर बसवा, वर वॉटरप्रूफ टेप ताणून गुंडाळा. केबल आत घेण्याआधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. कोकणात हा झोळ नसेल तर दर पावसाळ्यात हेच काम निघतं.

प्रश्न: रिमोट बिघडला की टीव्ही, हे कसं ओळखायचं?
– एक वाचक, लातूर

उत्तर: मोबाइलचा पुढचा, सेल्फीचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्याला न दिसणारा अवरक्त दिवा (साधारण 940 नॅनोमीटर) कॅमेऱ्यात जांभळट लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा गाळणी असते, तिथे दिसेलच असं नाही. एकाच बटणाला दिवा लागत नसेल तर रबरखालचा काळा ठिपका झिजला. कुठल्याच बटणाला नाही तर आधी सेल आणि त्यांच्या पत्र्या पुसा. दिवा लागतो तरी टीव्ही ऐकत नसेल, तर पडदा ओढून बघा. टीव्हीच्या डोळ्यावर थेट ऊन पडत असेल तरी असं होतं.