विनातिकीट तीन प्रवासी आणि अपहाराचे आरोपपत्र

प्रश्न : मी एका शहर वाहतूक उपक्रमात १७ वर्षे वाहक आहे आणि आगारातील कामगार संघटनेची शाखा सचिव आहे. ड्यूटी वाटपातील पक्षपाताबद्दल आम्ही आगार व्यवस्थापकांना लेखी निवेदन दिले. त्यानंतर बाराव्या दिवशी माझ्या गाडीची तपासणी झाली. गाडी खचाखच भरली होती, तिकीट मशीन दोनदा बंद पडले होते. तीन प्रवासी विनातिकीट सापडले, एकूण भाडे ३६ रुपये. बॅगेतील रोकड जुळली. तपासनिसांनी जागेवरच माझ्याकडून जबाब लिहून घेतला. आता निलंबन आणि अपहाराचे आरोपपत्र आले आहे, दोन महिने निर्वाह भत्ता (निलंबनकाळात मिळणारा वेतनाचा काही भाग) मिळालेला नाही. आमची संघटना मान्यताप्राप्त नसल्याने चौकशीत प्रतिनिधी देता येणार नाही, असे चौकशी अधिकारी म्हणतात. ‘कबूल करा, वेतनवाढ रोखून सोडून देऊ,’ असे साहेबांचे म्हणणे आहे. सहकारी ‘आगार बंद करू’ म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : कबुली देऊ नका. आरोपपत्रात ‘अपहार’ हा शब्द आहे आणि तो एकदा मान्य केला की शिक्षा ठरवणाऱ्या अधिकाऱ्यावर तोंडी आश्वासनाचे कोणतेही बंधन राहत नाही. असे आश्वासन देणारे साहेब पुढे चौकशीत साक्षीला उभे राहिल्याचे मला तरी आठवत नाही.

त्याचबरोबर ‘फक्त ३६ रुपयांचा प्रश्न आहे’ या बचावावर विसंबू नका. रक्कम लहान म्हणून शिक्षा सौम्य असावी, हा युक्तिवाद वाहकांच्या बाबतीत न्यायालये सहसा मान्य करत नाहीत. कर्नाटकातील एका वाहकाकडे हिशेबाबाहेरचे ९३ रुपये सापडले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याची बडतर्फी कायम केली. त्याआधी १९७७ मध्ये हरियाणा विरुद्ध रतन सिंग या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले होते की खातेनिहाय चौकशीला पुरावा कायद्याचे काटेकोर नियम लागू होत नाहीत आणि विनातिकीट प्रवाशांचे जबाब नोंदवले नाहीत एवढ्याच कारणाने चौकशी रद्द ठरत नाही. तेव्हा ‘प्रवाशांना साक्षीला का आणले नाही’ या एकाच मुद्द्यावर बचाव उभा करू नये. संघटनांचे अनेक प्रतिनिधी अजूनही तेच करतात.

आपली खरी बाजू रोकड जुळली या एका वाक्यात आहे. त्या तिघांकडून भाडे घेऊन तिकीट दिले नसते, तर बॅगेत ३६ रुपये जास्त निघायला हवे होते. ते निघाले नाहीत, म्हणजे भाडे घेतलेच नव्हते. मग उरतो तो गर्दीत तिकीट देण्यास झालेल्या विलंबाचा किंवा फार तर निष्काळजीपणाचा आरोप, आणि निष्काळजीपणा व अपहार यांच्या शिक्षांमध्ये नोकरी राहणे आणि जाणे एवढे अंतर आहे. म्हणून रोकड मोजणीचा पंचनामा, त्या फेरीचे वे-बिल (तिकीट विक्रीचे हिशेबपत्रक), मशीनची नोंद, मशीन बंद पडत असल्याच्या आगारातील पूर्वीच्या तक्रारी आणि गाडीत कॅमेरा असल्यास त्याचे चित्रण, ही कागदपत्रे आजच लेखी मागा. ती नाकारली गेली तर तो नकारही लेखी घ्या. जागेवर दिलेला जबाब दबावाखाली दिला असेल तर तसे तारखेनिशी आताच कळवा. सहा महिन्यांनी केलेल्या इन्कारावर कोणी विश्वास ठेवत नाही. तपासनिसांची उलटतपासणी सोडू नका.

आता संघटनेविषयी. महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, १९७१ याच्या कलम २२ नुसार, मान्यता नसलेल्या संघटनेच्या, राज्य शासनाच्या नियमांप्रमाणे प्राधिकृत व्यक्तींनाही आपल्या सदस्याच्या वतीने खातेनिहाय चौकशीत उपस्थित राहण्याचा आणि निलंबन किंवा सेवासमाप्तीबाबत मालकाशी चर्चा करण्याचा हक्क आहे. चौकशी अधिकाऱ्यांनी मान्यताप्राप्त संघटनेच्या कलम २० मधील अधिकारांशी याची गल्लत केलेली दिसते. मात्र प्रतिनिधी म्हणून बाहेरचा पुढारी आणण्याचा आग्रह धरू नका. असा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा अमान्य केला आहे. नियमावली जाणणारा आपल्याच आगारातील सहकारी अधिक उपयोगी पडतो. व्यवस्थापनाने सादरकर्ता (चौकशीत त्यांची बाजू मांडणारा) म्हणून कायदेतज्ज्ञ नेमला असेल, तर मुंबई बंदर विश्वस्त मंडळाच्या १९८३ च्या निकालाचा आधार घेऊन आपणही वकिलाची मागणी करू शकता.

सूडबुद्धीचा मुद्दा सिद्ध करणे अवघड आहे, अशक्य नाही. निवेदन आणि तपासणी यांत १२ दिवसांचे अंतर असणे एवढ्यावर निष्कर्ष निघत नाही. परंतु त्या काळात इतर किती गाड्या तपासल्या, अशाच प्रकारात इतर वाहकांवर काय कारवाई झाली, हे संघटनेने नावांनिशी जमवले तर चित्र बदलते. एकट्या कर्मचाऱ्याला ही माहिती मिळत नाही. १९७१ च्या अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीतील पहिल्या बाबीत सूडबुद्धीने, सद्हेतूने नव्हे अशी, नैसर्गिक न्याय डावलून किंवा धक्कादायकरीत्या प्रमाणाबाहेर केलेली बडतर्फी ही अनुचित प्रथा ठरते. तिची तक्रार ९० दिवसांत कामगार न्यायालयात करावी लागते. बडतर्फीचा आदेश निघण्यापूर्वीही अशी तक्रार करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हिंदुस्थान लिव्हरच्या प्रकरणात म्हटले. पण त्या टप्प्यावर अंतरिम मनाई मिळवण्यासाठी प्रथमदर्शनी बाजू फार भक्कम असावी लागते. माझ्या मते आपण आधी चौकशीतील नोंद भक्कम करावी.

निर्वाह भत्ता रोखून चौकशी चालवणे हा व्यवस्थापनाचा सर्वांत कच्चा दुवा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पहिल्या ९० दिवसांसाठी वेतनाच्या ५० टक्के आणि विलंब कर्मचाऱ्यामुळे नसल्यास पुढे ७५ टक्के दर आहे. चौकशीही साधारणपणे निलंबनापासून ९० दिवसांत पूर्ण व्हावी अशी तरतूद आहे. जुन्या स्थायी आदेश कायद्यातील भत्त्याचे दरही हेच होते. भत्त्याअभावी कर्मचारी चौकशीला हजर राहू शकला नाही, तर त्याच्या अपरोक्ष केलेली चौकशी टिकत नाही, असे कॅप्टन पॉल अँथनी प्रकरणाच्या १९९९ च्या निकालावरून म्हणता येते. मात्र आपण गैरहजर राहू नका. हजर राहून प्रत्येक तारखेला लेखी हरकत नोंदवा.

संहितेने केंद्राचे तीन जुने कामगार कायदे रद्द केले, त्यांत १९७१ चा राज्य अधिनियम नाही. तरीही घटनेची, निलंबनाची आणि आरोपपत्राची तारीख वकिलांना नेमकी सांगा, कारण कोणत्या कायद्याखाली काय मागायचे ते त्यावर ठरेल.

‘आगार बंद’ मात्र करू देऊ नका. संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस आवश्यक आहे, आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली तरी संहितेनुसार तो संपच होतो. आज एका वाहकावर असलेली कारवाई उद्या पन्नास जणांवर होईल आणि त्यांची प्रकरणे चालवण्यात आपले प्रकरण मागे पडेल. त्याऐवजी शाखेने पुढच्या तारखेपूर्वी प्रतिनिधीचे प्राधिकारपत्र, कागदपत्रांची यादी आणि थकीत भत्त्याची मागणी असे तीन अर्ज चौकशी अधिकाऱ्यांकडे पोहोच घेऊन दाखल करावेत.