वारंवार जखमी होणारा स्ट्रायकर क्लबने ठेवावा की विकावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आर्सेनल या इंग्लिश क्लबचा ब्राझिलियन फॉरवर्ड गॅब्रिएल जेसूस सतत जखमी असतो, खेळतो तेव्हाही गोल कमीच, मग अशा स्ट्रायकरला क्लबने सांभाळायचं कशासाठी? आणि दुखापतीतून परतलेल्या खेळाडूचा फॉर्म ओळखायचा कसा?

मी कोल्हापूरचा. आर्सेनलचा जुना चाहता आहे आणि शाहू स्टेडियमवर तालमींच्या, म्हणजे इथल्या पेठांच्या फुटबॉल संघांच्या, मॅच लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळे हा वाद दोन्हीकडून ऐकलाय. माझं मत आधीच सांगतो. परतल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत स्ट्रायकरचे गोल मोजून त्याची किंमत करू नये. तो मैदानात असताना बाकी दहा जणांचा खेळ किती सोपा होतो, ते बघावं. मात्र क्लबनेही एकाच माणसाच्या गुडघ्यावर अख्खा हंगाम टाकू नये. आर्सेनलने नेमकं तेच केलं आणि त्याचं खापर जेसूसवर फुटलं.

जेसूसबद्दल आपल्याकडे राग जरा जुनाच आहे. कोल्हापुरात विश्वचषकाच्या वेळी ब्राझील आणि अर्जेंटिना अशी पेठापेठांत वाटणी होते, कटआउट लागतात, झेंडे लागतात. २०१८ च्या विश्वचषकात ब्राझीलचा नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकरचा नंबर, याच्याच पाठीवर होता. पाच मॅच खेळला, गोल शून्य, आणि बेल्जियमकडून हरून ब्राझील घरी. ब्राझीलवाल्या पोरांनी तेव्हापासून त्याच्यावर जी फुली मारली ती आजतागायत तशीच आहे. आर्सेनलने २०२२ च्या जुलैमध्ये मँचेस्टर सिटीला साधारण साडेचार कोटी पाउंड मोजून त्याला आणला, तेव्हा आमच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न हाच आला, "गोल न करणारा फॉरवर्ड एवढ्या पैशाला कशाला?"

उत्तर त्याच हंगामाने दिलं. १ ऑक्टोबर २०२२ ला टॉटनहॅमविरुद्ध त्याने गोल केला आणि त्यानंतर विश्वचषकाच्या सुट्टीपर्यंत लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये, एकही नाही. तरी सुट्टी लागली तेव्हा आर्सेनल पाच गुणांनी पहिल्या नंबरवर होतं. त्या मॅच परत बघा, आणि बघताना बॉलकडे न बघता फक्त जेसूसकडे बघा. तो डावीकडे सरकायचा, सेंटर बॅकला, म्हणजे मधल्या डिफेंडरला, आपल्यामागे ओढून न्यायचा, आणि रिकाम्या झालेल्या जागेत विंगर मार्टिनेली घुसायचा. समोरच्या गोलकीपरकडे बॉल गेला की पहिला धावून जाणारा हाच. दोन धिप्पाड डिफेंडर अंगावर असताना पाठ देऊन बॉल धरायचा आणि तेवढ्यात मिडफिल्डर ओडेगार्ड वर यायचा. गोलच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही, पण दुसरा विंगर साका आणि मार्टिनेलीच्या गोलांत त्याचा वाटा होता.

आता दुसरी बाजू, कारण तिच्यातही दम आहे. २ डिसेंबर २०२२ ला कॅमेरूनविरुद्ध खेळताना त्याचा उजवा गुडघा दुखावला, ऑपरेशन झालं. आम्हाला वाटलं, संपला हंगाम. पण राखीव स्ट्रायकर एडी एनकेटिया उभा राहिला. वेस्ट हॅम, ब्रायटन, आणि जानेवारीत मँचेस्टर युनायटेडविरुद्ध दोन गोल, त्यातला दुसरा अगदी शेवटी, जिंकून देणारा. पुढे विंगर ट्रोसार्डला मधे खेळवलं. १२ मार्च २०२३ ला फुलहॅमविरुद्ध जेसूस बदली म्हणून परत आला, पण त्याच मॅचच्या पहिल्या हाफमध्ये ट्रोसार्डने तीन गोलांचे पास दिले होते. जेसूस नसला तर काही अडत नाही असं म्हणणाऱ्यांकडे हा भक्कम पुरावा आहे आणि मी तो नाकारत नाही. फक्त एवढंच म्हणेन, की बदली खेळाडू दोन-तीन महिने ओढून नेतो, अख्खा हंगाम त्याच्या जिवावर काढणं वेगळं.

फॉर्मचं बोलायचं तर दुखापत कोणती, हे आधी विचारायला हवं. स्नायूची दुखापत आणि लिगामेंटची दुखापत यांना एकाच मापाने मोजता येत नाही. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, एकदा गेली की परत जाण्याची शक्यता वाढते, म्हणून तिथे "वारंवार जखमी" ही तक्रार रास्त आहे. गुडघ्याचं एसीएल, म्हणजे आपली पोरं ज्याला नुसतं "लिगामेंट गेलं" म्हणतात, ते ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरवलं तर पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच जास्त असतो. सरळ रेषेत धावणं त्यातल्या त्यात लवकर येतं. भरधाव असताना थांबणं आणि त्याच पायावर वळणं, हे सगळ्यात शेवटी येतं. स्ट्रायकरचं तर पोटच त्या वळण्यावर.

हे मी शाहू स्टेडियमवर अगदी जवळून बघितलंय. एका तालमीचा चांगला फॉरवर्ड लिगामेंटचं ऑपरेशन करून परतला होता. गुडघ्याला काळा पट्टा. वॉर्मअपमध्ये तो पळत होता, उड्या मारत होता, सगळं ठीक दिसत होतं. मॅच सुरू झाली. पाठीमागे डिफेंडर, पायात बॉल, अशी वेळ आली की पूर्वी तो डाव्या पायावर भार देऊन गर्रकन उजवीकडे वळायचा आणि शॉट मारायचा. आता तो आधी खांद्यावरून मागे बघायचा आणि मग बॉल परत मिडफिल्डला द्यायचा. दर वेळी तेच. माझ्या शेजारी बसलेले एक वयस्कर गृहस्थ, जे स्वतः कधीकाळी तालमीकडून खेळलेले, हळूच म्हणाले, "त्यो वळतच न्हाई बघ. भ्या हाय अजून मनात." खालच्या पायरीवरची पोरं मात्र "याला बाहेर काढा" म्हणून ओरडत होती. दोघांनाही दिसत होतं तेच, एकाने कारण ओळखलं होतं. तो फॉरवर्ड पुढच्या हंगामात वळायला लागला. हंगामाच्या सुरुवातीला नाही, मधल्या टप्प्यात कधीतरी.

जेसूसचंही असंच झालं असं मला वाटतं. २०२३-२४ मध्ये लीगमध्ये त्याचे फक्त चार गोल. गुडघा अधूनमधून त्रास देतच होता. मग १८ डिसेंबर २०२४ ला लीग कपमध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध हॅटट्रिक, तीनच दिवसांनी लीगमध्ये त्याच पॅलेसविरुद्ध आणखी दोन, आणि १ जानेवारीला ब्रेंटफर्डविरुद्ध एक. त्या मॅचमधली त्याची वळणं आठवा, मोकळा झाला होता माणूस. आणि १२ जानेवारी २०२५ ला एफए कपमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध डावा गुडघा गेला. स्ट्रेचरवरून नेलं त्याला. यावेळी एसीएल. मैदानात परतायला डिसेंबर उजाडला.

तो बाहेर असताना काय झालं ते त्याला "बिनकामाचा" म्हणणाऱ्यांनी नीट आठवावं. फेब्रुवारीत दुसऱ्या फॉरवर्डची, हॅवर्ट्झची, हॅमस्ट्रिंग दुबईच्या शिबिरात गेली आणि आर्सेनलकडे मधे खेळवायला स्ट्रायकरच उरला नाही. लेस्टरविरुद्ध शेवटच्या दहा मिनिटांत मेरिनोने दोन गोल करून मॅच काढली. मेरिनो मिडफिल्डर आहे! त्याने जीव ओतून खेळ केला, मला त्याचं मनापासून कौतुक आहे, पण लीग जिंकायला निघालेल्या क्लबवर ही वेळ यावी? जानेवारीत खेळाडू घेण्याची खिडकी उघडी असताना कुणालाही आणलं नव्हतं. लीग लिव्हरपूलने नेली. तो हंगाम जेसूसच्या गुडघ्याने घालवला असं मी म्हणणार नाही. ज्यांनी दुसरा स्ट्रायकर घेतला नाही, त्यांनी घालवला. २०२५ च्या उन्हाळ्यात स्ट्रायकर ग्योकेरेसला आणलं. एक वर्ष आधी आणायला हवा होता.

विकण्याबद्दल. जखमी स्ट्रायकर विकायला काढला की समोरचा क्लब पडेल भावात मागतो, हे उघड आहे. आणि आर्सेनलच्या चाहत्याला रॉबिन व्हॅन पर्सी विसरता येत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये हॉलंडकडून इटलीविरुद्ध खेळताना त्याचा घोटा गेला, एप्रिलपर्यंत बाहेर. त्याआधीही तो कायम काही ना काही घेऊन बसलेला असायचा. क्लबने वर्षानुवर्षं सांभाळला. २०११-१२ मध्ये तो लीगच्या सगळ्या ३८ मॅच खेळला आणि ३० गोल केले. मग करारात एकच वर्ष उरलेलं, म्हणून सुमारे २ कोटी ४० लाख पाउंडांना मँचेस्टर युनायटेडला दिला, आणि त्याने तिथे पहिल्याच हंगामात २६ गोल करून त्यांना लीग जिंकून दिली. सांभाळलं आपण, फळ खाल्लं त्यांनी. आमच्या कट्ट्यावरचे युनायटेडवाले अजून ते सुनावतात आणि अजून लागतं.

उलटं उदाहरणही आहे. लिव्हरपूलचा स्ट्रायकर टोरेस याच्या गुडघ्याचं ऑपरेशन २०१० मध्ये झालं, जानेवारी २०११ मध्ये चेल्सीने त्याला ५ कोटी पाउंडांना घेतलं, आणि लिव्हरपूलचा तो टोरेस परत कधीच दिसला नाही. त्याचा खेळ उभा होता स्फोटक वेगावर. कोलंबियाचा स्ट्रायकर फाल्काओ याचं एसीएल जानेवारी २०१४ मध्ये गेलं, मँचेस्टर युनायटेडमध्ये लीगचे चार गोल, सगळ्यांनी त्याला संपवला. २०१६-१७ मध्ये तोच मोनॅकोचा कर्णधार म्हणून फ्रान्सची लीग जिंकला, २१ गोलांसह. त्याचा खेळ उभा होता बॉक्समधल्या नजरेवर आणि हेडरवर, ते ऑपरेशनमध्ये जात नाही. म्हणून मी आधी विचारतो, हा माणूस खेळतो कशाच्या जोरावर? जेसूस दोन्हींच्या मधे आहे. प्रेसिंग, म्हणजे समोरच्यावर धावून बॉल हिसकावणं, आणि वळण हा त्याचा श्वास, आणि दोन्हीला गुडघा लागतो, त्यामुळे त्याच्याबद्दल मला काळजी आहे. ती मी लपवत नाही.

एक गोष्ट मात्र चाहत्यांनी थांबवावी. दुखापत म्हणजे नाटक, पैसे खाऊन बसलाय, हे बोलणं. युरोपातल्या खेळाडूला निदान पगार चालू असतो, क्लबचे डॉक्टर असतात. आपल्याकडे तालमीकडून खेळणाऱ्या बहुतेक पोरांच्या ऑपरेशनचा खर्च घरचे, मित्र आणि तालमीतली जाणती माणसं मिळून उचलतात. आपला हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन पावसाळ्याआधी संपतो, त्यात लिगामेंट गेलं की पुढचा हंगामही जवळजवळ गेलाच. ज्याने हे घरात बघितलंय, तो असं बोलत नाही.

तेव्हा ठेवावा की विकावा याचा निर्णय घाईने, जानेवारीत घेऊ नये. पुढच्या काही मॅच फक्त त्याच्याकडे बघा: डिफेंडर पाठीवर असताना वळतोय का, बॉल हरवल्यावर परत मागे धावतोय का, हवेत उडी घेताना दुखऱ्या पायावर उतरायला कचरतोय का. हे जमत असेल तर गोल नसले तरी मी त्याला ठेवीन, ग्योकेरेसच्या जोडीला. हंगाम संपेपर्यंत जमलं नाही तर मे महिन्यात, कराराचं गणित बघून, सन्मानाने सोडावा.