वाचकांचे प्रश्न : कृष्णवर्णीय स्त्रियांची केसगळती

प्रश्न : माझी सून कृष्णवर्णीय अमेरिकन आहे, वय 36. दोन वर्षांपासून तिचे केस माथ्यावर, बरोबर मधोमध, विरळ होत चाललेत. तिथे खाज येते, कधी हात लावला तरी दुखतं. मी तिला रोज तेल चोळायला सांगते. ती म्हणते, वेण्या घातल्या की काही दिसत नाही. तेलाने फरक पडेल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तेलाने फरक पडणार नाही, आणि झाकून ठेवण्यात मोलाचे महिने जातील. तिला त्वचारोगतज्ज्ञाची पहिली मिळेल ती वेळ घ्यायला सांगा.

माथ्याच्या मध्यापासून सुरू होऊन चहूबाजूंनी बाहेर सरकणारी गळती कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये बहुतेकदा एका विशिष्ट आजाराची असते. त्याचे नाव सेंट्रल सेंट्रिफ्युगल सिकॅट्रिशियल अलोपेशिया, डॉक्टरांच्या तोंडी सीसीसीए. यात केसांच्या मुळांभोवती दाह होतो आणि हळूहळू मुळाच्या जागी व्रणाची ऊती तयार होते. छिद्र एकदा बुजले की तिथून केस परत येत नाही. म्हणून उपचारांचा पहिला हेतू असतो उरलेली मुळे वाचवणे. आपल्याकडे ज्याला चाई म्हणतात तो आजार निराळा. त्यात मूळ जिवंत असते, त्यामुळे केस पुन्हा येऊ शकतात. सीसीसीएमध्ये अनेकींना खाजही नसते, दुखतही नाही. माथ्यावरचे केस तुटून आखूड राहतात, एवढीच पहिली खूण दिसते.

1968 साली या गळतीला ‘हॉट कोम्ब अलोपेशिया’ असे नाव दिले गेले. केस सरळ करायच्या तापलेल्या कंगव्यामुळे वितळलेले मलम मुळात उतरते आणि ते जळते, असा तेव्हा तर्क होता. पुढे तो कंगवा कधीच न वापरलेल्या स्त्रियांतही हाच आजार सापडला. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 58 पैकी 14 रुग्ण स्त्रियांत ‘पॅडी-3’ या जनुकात बदल आढळले. केसाच्या दांड्याची घडण नीट होण्यासाठी हे जनुक लागते. तेव्हा ‘वेण्या घालून घालून तूच ओढवून घेतलंस’ असे तिला कुणी म्हणू नये. ओढ, रसायने आणि उष्णता यांनी आजारी मुळांवर भार पडतो हे खरे, पण सगळा दोष केशरचनेचा नाही. तिच्या आईनेही आणि बहिणींनीही आपला माथा तपासून घ्यावा.

तपासणीला जाताना वेण्या, वीव्ह (शिवून किंवा चिकटवून लावलेले जोडकेस), विग सगळे उतरवून, केस धुऊन, तेल किंवा जेल न लावता जावे. घरून निघण्यापूर्वी मधोमध भांग पाडून फोटो काढून ठेवावा आणि पुढे दर दोन महिन्यांनी त्याच उजेडात तसाच काढावा. आरशापेक्षा फोटोतून बदल कळतो. डॉक्टर डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, केसांभोवतीची राखाडी-पांढरी कडी शोधतात. गरज पडल्यास ती जागा बधिर करून 4 मिलिमीटरचा तुकडा काढतात. हा तुकडा अशी कडी असलेल्या, अजून केस उरलेल्या कडेच्या भागातून घ्यायला हवा. मधल्या गुळगुळीत, चकाकणाऱ्या जागेतून घेतला तर अहवालात नुसता व्रण येतो आणि निदान अर्धवट राहते. हे तिने आधीच विचारून घ्यावे, त्यात संकोच नको.

उपचारांत सहसा लावायला क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड, डोक्याच्या त्वचेत दर 4 ते 8 आठवड्यांनी ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने आणि काही महिने डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक असते. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यावे आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. लोहाची गोळी त्याच वेळी घेतली तर औषध नीट शोषले जात नाही. गरोदर असेल किंवा तसा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. दाह आटोक्यात येऊ लागला की मिनॉक्सिडिल हे केसवाढीचे औषध जोडतात. 5 टक्क्यांचा फेस दिवसातून एकदा, भांग पाडून, केसांना नव्हे तर त्वचेला लावायचा. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते. इथेच बहुतेकजणी औषध सोडतात. निदान 6 महिने थांबल्याशिवाय निकाल लावू नये.

तुमच्या पत्रात नाही, पण विचारायलाच हवे : तिला पाळीत अंगावरून जास्त जाते का? 2018 च्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधनात सीसीसीए असलेल्या स्त्रियांपैकी 13.9 टक्क्यांना गर्भाशयात फायब्रॉइड (पाळीत रक्तस्राव वाढवू शकणाऱ्या साध्या गाठी) होते, आजार नसलेल्यांत 3.3 टक्क्यांना. रक्तस्रावाने लोह कमी झाले की त्याची वेगळी गळती वर पडते. म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे.

आता तेलाचे. डोक्याच्या त्वचेवर मालासेझिया नावाची बुरशी असते आणि ती तेलकटपणावर पोसते. खाजेबरोबर कोंडाही असेल तर तेल चोळून तो वाढतो. केटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू फक्त त्वचेवर 5 मिनिटे ठेवावा आणि केसांच्या लांबीवर कंडिशनर लावावा, कारण हा शाम्पू कुरळे केस फार कोरडे करतो. तेल लावायचेच तर केसांच्या टोकांना.

प्रश्न : मी केशकर्तनालय चालवते. माझ्या बऱ्याच ग्राहक कृष्णवर्णीय आहेत. कित्येकींचे कानशिलांवरचे केस मागे सरकलेत. त्यांना वेण्या घालून द्याव्यात की नाही?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : द्या, पण ओढ न देता. कानशिलांवर आणि कपाळाच्या कडेला होणारी ही गळती सततच्या ताणामुळे होते. केप टाऊनमधल्या एका पाहणीत सुमारे एक तृतीयांश प्रौढ आफ्रिकी स्त्रियांत ती आढळली. ओळखायची खूण अशी : केस मागे गेलेले असले तरी मूळच्या कडेवर बारीक केसांची एक झालर टिकून राहते. लवकर सैल केले तर इथले केस परत येतात. वर्षानुवर्षे ओढ चालू राहिली तर इथेही व्रण होतो.

वेणी घालताना दुखले, कडेला पुळ्या आल्या, त्वचा तंबूसारखी वर उचलली गेली किंवा रात्री वेदनाशामक गोळी घ्यावी लागली, तर ती वेणी तेव्हाच सोडायची. ‘दोन दिवसांत सैल होईल’ असे ग्राहकाला सांगू नका. त्या दोन दिवसांतच मुळांना इजा होते. कडेचे बारीक केस वेणीत घेऊच नका. एक्स्टेन्शन (जोडकेस) कमी लांबीचे व हलके ठेवा. सुरुवातीला गाठ न मारता ग्राहकाच्या स्वतःच्या केसांनी वेणी सुरू करून जोडकेस हळूहळू मिसळले तर मुळावरचा भार कमी होतो. 6 ते 8 आठवड्यांनी सगळे काढून मध्ये काही आठवडे मोकळे सोडायला सांगा.

रिलॅक्सर (कुरळे केस सरळ करणारे रसायन) लावलेल्या केसांवर ताण अधिक घातक ठरतो, म्हणून दोन्ही गोष्टी एका भेटीत करू नका, निदान दोन आठवडे जाऊ द्या. रिलॅक्सर 8 ते 10 आठवड्यांनीच आणि फक्त नव्या वाढीवर लावावा. जुन्या भागावर तो पुन्हा पसरला की केस तिथेच तुटतात. जळजळ म्हणजे ‘लागू पडतंय’ नव्हे. त्वचा भाजत असते, ताबडतोब धुवा. माथा विरळ असलेल्या ग्राहकाला रिलॅक्सर नाकारणेच योग्य.

वेण्या सोडताना हातात पुंजका आला की ग्राहक घाबरते. रोज 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे, म्हणजे 6 आठवड्यांत वेणीत अडकून राहिलेले दोन ते चार हजार. टोकाला पांढरा ठिपका असेल तर केस मुळातून गळलेला, नसेल तर तुटलेला. तुटलेलेच जास्त असतील तर दोष हाताळणीत आहे. गुंता कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांत, रुंद दातांच्या फणीने, टोकाकडून मुळाकडे सोडवा.

आणि एखादी ग्राहक नोकरीच्या भीतीने केस सरळ करून मागत असेल, तर तिला सांगा की टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2023 पासून क्राऊन कायदा लागू आहे. वेण्या, जटा किंवा नैसर्गिक कुरळे केस यांवरून नोकरीत भेदभाव करता येत नाही.

प्रश्न : मैत्रिणीच्या माथ्यावरचे केस आता परत येणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलंय. विग वापरला तर उरलेले केस जातील का?
— एक वाचक, अटलांटा

उत्तर : विगने नाही, गोंदाने आणि क्लिपांनी जातील. कडेला गोंद लावण्याऐवजी मखमली पट्टी वापरावी, आतली टोपी सुती नको, सॅटिनची असावी. झोपताना विग काढावा, आणि आतले केस आठवड्याला किंवा पंधरवड्याला धुऊन पूर्ण वाळल्यावरच तो चढवावा, ओलाव्यात खाज वाढते. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ‘क्रेनियल प्रोस्थेसिस’ असे शब्द आणि निदान लिहून घ्यावे. काही विमा योजना ‘विग’ लिहिलेले बिल नाकारतात आणि याच नावाचे मंजूर करतात. खरेदीपूर्वी विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. माथ्यावरचा दाह शमला आहे की नाही याची तपासणी मात्र विग आल्यावरही चालू ठेवावी, कारण त्याखाली आजार न दिसता पसरू शकतो.