दमा लिहायचा की लपवायचा?

“मॅडम, विम्याच्या फॉर्ममध्ये दमा लिहिलाच नाही, तर कोणाला कळणार आहे?” आईने विचारलं.

मुलगी एफ-१ व्हिसावर अमेरिकेला एमएस करायला निघाली होती. आईच्या हातात दोन कागद होते. एक विद्यापीठाच्या फीचा, त्यात आरोग्यविम्यापोटी वर्षाला दोन हजार डॉलरहून जास्त रक्कम आपोआप लावलेली. दुसरा एका स्टुडंट ट्रॅव्हल पॉलिसीचा, कव्हर एक लाख डॉलर आणि प्रीमियम विद्यापीठाच्या विम्याच्या पाव हिश्श्याहून कमी. मुलीला आठव्या वर्षापासून दमा आहे, वर्षातून एक-दोनदा नेब्युलायझर लागतो. दमा लिहिला तर पॉलिसी नाकारतील, म्हणून तो गाळावा आणि स्वस्त पॉलिसी दाखवून विद्यापीठाच्या विम्याची रक्कम फीमधून वजा करून घ्यावी, असा बेत होता.

असा बेत घेऊन येणारे पालक पुष्कळ असतात. त्यांना फसवाफसवी करायची नसते, भीती वाटत असते. म्हणून आधी क्लेमच्या दिवशी काय घडतं ते सांगावं लागतं.

दम्याचा अटॅक आला की मुलगी इमर्जन्सीत जाणार. डॉक्टर सुरुवातीलाच विचारतात, हा त्रास पूर्वी झाला होता का, रोज कोणती औषधं घेता? तिथे खरंच सांगायला हवं, कारण उपचार त्यावर ठरतात. तिचं उत्तर केस पेपरवर जातं आणि क्लेम आला की कंपनी तोच केस पेपर मागवते. म्हणजे घरी बसून लपवलेली गोष्ट तिकडे मुलगी स्वतःच सांगते, धाप लागलेली असताना. मग क्लेम नाकारला जातो. शिवाय महत्त्वाची माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनी अख्खी पॉलिसीच रद्द करू शकते. नंतर पाय घसरून हात मोडला, तर तेव्हा विमा उरलेलाच नसतो.

खरं लिहिलं तर सगळं सुटतं असंही नाही, हे आईला स्पष्ट सांगितलं. ट्रॅव्हल पॉलिसी मुळात अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी असते. आधीपासूनचा आजार एक तर ती वगळते, किंवा जीव धोक्यात असेल तेवढ्यापुरताच धरते आणि त्यालाही वेगळी छोटी मर्यादा असते. पहिल्या पानावर ‘एक लाख’ छापलेलं असतं, पण आपल्याला लागणारा आकडा आतल्या पानावर ‘पूर्वीचे आजार’ या कलमाखाली सापडतो. मुलीने ते पान तिथेच उघडलं. मर्यादा लाखाच्या जवळपासही नव्हती आणि दर महिन्याचा इन्हेलर त्यात बसतच नव्हता.

महाग वाटणारा विद्यापीठाचा विमा इथे वेगळा ठरतो. २०१४ पासून अमेरिकेच्या अफोर्डेबल केअर ॲक्टनुसार आरोग्यविम्यात जुन्या आजाराचं कारण देऊन उपचार वगळता येत नाहीत. विमा कंपनीमार्फत दिलेल्या विद्यार्थी योजनांना हा नियम लागू आहे. काही विद्यापीठं स्वतःच्या निधीतून योजना चालवतात. त्यांना तो बंधनकारक नसतो, म्हणून तिथे ईमेल करून विचारायचं. प्रश्न एकाच ओळीचा ठेवायचा: ‘पूर्वीच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ किंवा वगळणूक आहे का?’ उत्तर जपून ठेवायचं.

आईचा दुसरा प्रश्न होता, विद्यापीठाची पॉलिसी नाकारता येते ना? येते, त्या सवलतीला वेव्हर म्हणतात. पण वेव्हर मागितला की मिळतोच असं नाही. एफ-१ साठी अमेरिकन सरकारने विम्याची किमान रक्कम ठरवलेली नाही, ते विद्यापीठावर सोडलं आहे. जे-१ व्हिसाला, म्हणजे एक्स्चेंज कार्यक्रमांच्या व्हिसाला, मात्र सरकारी अट आहे: दर आजाराला किंवा अपघाताला किमान १,००,००० डॉलर, उपचारासाठी हलवण्याला ५०,०००, पार्थिव मायदेशी पाठवण्याला २५,००० आणि डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम, ५०० डॉलरच्या आत. बरेच एजंट हेच आकडे एफ-१ च्या मुलांना दाखवून ‘चालेल’ म्हणतात. विद्यापीठाची अट याहून कडक असू शकते, आणि कित्येक ठिकाणी ट्रॅव्हल पॉलिसी सरसकट नाकारतात. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी वेव्हरचा फॉर्म उतरवून घ्या, त्यातली प्रत्येक अट पॉलिसीच्या मजकुरात कोणत्या पानावर पूर्ण होते ते लिहा, एकही अट राहिली तर पैसे भरू नका. अर्जाची मुदत सहसा सत्र सुरू होण्याच्या आसपास संपते. ती हुकली की दोन्ही विम्यांचे पैसे जातात, आणि असं झालेली मुलं दर वर्षी भेटतात.

मग हिशेब मांडला. समजा इमर्जन्सीचं मान्य झालेलं बिल ६,००० डॉलर आलं. डिडक्टिबल ५००, म्हणजे पहिले ५०० आपले. उरलेल्या ५,५०० वर २० टक्के को-इन्शुरन्स, म्हणजे बिलातला आपला वाटा, तो १,१००. एकूण १,६०० खिशातून, तेही विमा असताना. त्यामुळे प्रीमियमची तुलना करताना वर्षभरात स्वतः भरावी लागणारी कमाल रक्कम, म्हणजे आउट-ऑफ-पॉकेट मॅक्झिमम, शेजारी मांडल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. ट्रॅव्हल पॉलिसीत पुष्कळदा ही कमाल मर्यादाच नसते, कव्हर संपलं की पुढचं सगळं आपलं. नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेल्या रुग्णालयातल्या, इमर्जन्सी उपचाराचं वरचं बिल रुग्णाच्या माथी मारू नये, असा कायदा तिथे जानेवारी २०२२ पासून आहे. त्याचंही संरक्षण रीतसर आरोग्यविम्याला मिळतं, प्रवास विम्याला नाही.

हीच मुलगी ब्रिटनला निघाली असती, तर बोलणं पाच मिनिटांत संपलं असतं. तिथे व्हिसाच्या अर्जासोबतच विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पाउंड आरोग्य अधिभार भरावा लागतो आणि सरकारी सेवा जुन्या आजारासह मिळते. ऑस्ट्रेलियात ओएसएचसी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचा आरोग्यविमा, घेतल्याशिवाय विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, पण तिथे जुन्या आजाराला बारा महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं.

दोघींचा निर्णय विद्यापीठाच्या विम्यावर आला. मग प्रवासविमा घ्यायचाच नाही का, असं मुलीने विचारलं. छोटा घ्यायचा. तिचं विमान ५ ऑगस्टचं होतं आणि विद्यापीठाचं कव्हर १५ ऑगस्टला सुरू होणार होतं. मधले दहा दिवस उघडे. शिवाय हरवलेली बॅग, पासपोर्ट, चुकलेलं विमान यांच्याशी आरोग्यविम्याचा संबंध नसतो. ४ ऑगस्टपासून तीन आठवड्यांची पॉलिसी पुरेशी होती, एक दिवस आधीपासून आणि थोडी पुढेपर्यंत, कारण नोंदणी लांबली तर कव्हरही लांबतं. या छोट्या फॉर्ममध्येही दमा लिहायचाच.

राहिला इन्हेलर. व्यक्तिगत वापरासाठी साधारण ९० दिवसांपुरतं औषध नेता येतं. ते मूळ पॅकिंगमध्ये आणि हातातल्या बॅगेत ठेवायचं, सामानाच्या बॅगेत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव हवं. आपण ज्याला साल्ब्युटामॉल म्हणतो त्याला अमेरिकेत अल्ब्युटेरॉल म्हणतात. दोन्ही नावं लिहून घ्यायची, नाहीतर फार्मसीत घोळ होतो.

विद्यापीठाचं कव्हर सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात, बरं वाटत असतानाच, विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरमध्ये नाव नोंदवून अल्ब्युटेरॉलचं प्रिस्क्रिप्शन घ्यायचं. काही योजनांत तिथल्या रेफरलशिवाय, म्हणजे शिफारशीच्या चिठ्ठीशिवाय, बाहेरच्या डॉक्टरकडे गेलं तर कमी पैसे मिळतात, इमर्जन्सी सोडून. विम्याच्या कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो फोनमध्ये हवेत, आणि एक प्रत आईकडे.