मे महिन्यात थरचं वाळवंट? नको, दिवाळीच्या सुट्टीत जा

प्रश्न : दादा नमस्कार. मी शिक्षक, वय ४३, तासगाव. सांगली-महाबळेश्वर, सांगली-गोवा सायकलवर झालंय. आता जोधपूर ते तनोट (जैसलमेरच्या पुढे, पाकिस्तान सीमेजवळ) करायचंय, सुट्टी मेमध्ये असते म्हणून तेव्हाच जावं म्हणतोय. उन्हाची सवय आहेच आम्हाला. पाणी किती लागेल, रोज किती किमी धरू? घरचे नको म्हणतायत.

उत्तर : सर, यावेळी मी घरच्यांच्या बाजूने आहे. जायला नको असं नाही, जाच, पण मेमध्ये नको. १९ मे २०१६ ला फलोदीला ५१ अंश तापमान नोंदलं गेलं आणि फलोदी तुमच्या पोकरणच्या रस्त्यापासून काही लांब नाही. हवा अंगापेक्षा गरम झाली की वारा लागूनही अंग थंड होत नाही, उलट तापतं, मग सगळा भार एकट्या घामावर येतो. आणि कोरड्या हवेत घाम आला तसा उडून जातो. कोकणात बनियन पिळून काढावा लागतो तेव्हा कळतं तरी किती पाणी गेलं, तिकडे कातडी कोरडीच दिसते आणि माणूस म्हणतो मला घामच येत नाहीये.

मी हे आपल्याच माणदेशात भोगलंय. एप्रिलमध्ये गोंदवल्याहून म्हसवडकडे चाललो होतो, साडेअकरा वाजलेले, बाटलीतलं पाणी चहासारखं गरम, त्यामुळे प्यावंसंच वाटेना आणि मी तसाच रेटत राहिलो. बाहीवर मिठाचे पांढरे पट्टे उठले होते. मग भर उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखा, आणि गिअर वरचा टाकायचा की खालचा हे सुचेना. एका वस्तीवरच्या आजींनी बघितलं आणि म्हणाल्या, "पोरा, आधी सावलीला बस." डोक्यावर कळशी ओतली, पदराने वारा घातला, अर्ध्या तासाने मीठ घातलेलं ताक दिलं. त्या दिवशी त्या तिथे नसत्या तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो. म्हणून सांगतो, काटा येणं, डोकं जड होणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही झालं की सायकल आडवी करायची, पुढचं गाव दोन किमीवर असलं तरी. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात धरायचा, १०८ ला फोन आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी आणि वारा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आता तुमचा प्लॅन. दिवाळीच्या सुट्टीत जा, नोव्हेंबरात दुपारी तिशीच्या आसपास असतं, रात्री गार. दिवाळी ऑक्टोबरात आली तर दुपार अजून तापते तेवढं लक्षात ठेवा. जोधपूर, बालेसर, देचू, पोकरण, मग लाठीवरून जैसलमेर, पुढे रामगढ आणि तनोट. सगळं मिळून चारशेच्या आसपास किमी. रोज साठ-सत्तर धरा, सहा-सात दिवस. तुम्ही गोव्याला दिवसाला शंभर मारले असतील पण इथे ते धरू नका. पहाटे फटफटीत व्हायच्या आत निघायचं, अकराला थांबायचं, जेवून झोपायचं, चारनंतर राहिलेलं. दुपारी खेजडीच्या झाडाखाली झोपलेला माणूस बघून मन खात असेल की वेळ वाया चाललाय, तर तसं अजिबात नाही, टूर त्या झोपेवरच पार पडते.

पाण्याचा आकडा मला विचारू नका, तुमचा तुम्हीच काढा. सकाळी कमीत कमी कपड्यात वजन करा, तासगाव ते कवठे महांकाळ जाऊन या, घाम पुसून परत वजन करा. जितके किलो कमी झाले तितके लिटर, अधिक वाटेत प्यायलात ते, भागिले तास. कुणाचा अर्धा लिटर निघतो, कुणाचा दीड. हा आकडा हातात असला की बाटल्या किती लावायच्या ते आपोआप ठरतं. जैसलमेरपर्यंत गावं-ढाबे भेटतात, छाछ म्हणजे ताक भेटतं, आपल्या पाणपोईसारखी प्याऊ असते. रामगढच्या पुढे मात्र सहा लिटर बरोबर हवंच, तिथे वाळू आणि रस्ता याशिवाय फार काही नाही. आणि नुसतं पाणी ढोसू नका, घामातून मीठ जातं, वरून साधंच पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि त्यानेही माणूस भोवळ येऊन पडतो. ओआरएसची पाकिटं ठेवा. संपली तर १ लिटर पाण्याला ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बीपी असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

"उन्हाची सवय आहे" हे अर्धं खरं. वर्गात पंख्याखाली बसून ती सवय राहत नाही. शरीराला उन्हात रोज तासभर घाम काढत दहा-चौदा दिवस द्यावे लागतात, म्हणजे निघायच्या आधीचे दोन आठवडे.

मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा १९२३ ला निघून १९२८ ला सायकलवर जग फिरून आले, वाटेत इराण-इराकचं वाळवंट होतं, गिअर नाही की जीपीएस नाही. तुमचं तर होईलच सर. फक्त महिना बदला.

प्रश्न : मी सातारची, कॉलेजला आहे. जैसलमेर, समच्या वाळूच्या टेकड्या आणि आसपास आठ दिवस फिरायचंय. पंक्चरची भीती वाटते. यवतेश्वर घाट सोडून मोठं काही केलेलं नाही.

उत्तर : घाट चढतेस म्हणजे पाय तयार आहेत. तिकडे त्रास देतात ते काटे, आपल्याकडे माणमध्ये असते तीच वेडी बाभळ आणि सराटे. लघवीला किंवा फोटोला सायकल रस्त्याच्या कडेला उतरवलीस की घुसलेच, म्हणून डांबर सोडताना सायकल उचलून न्यायची. पंक्चर झाल्यावर लगेच नवी ट्यूब घालू नकोस. आधी टायरच्या आतून जुना रुमाल फिरव, जिथे अडकेल तिथे काटा. तो तुटून रबरातच राहतो, दिसत नाही, आणि नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. चिमटा ठेव. तुझ्या सायकलला हवा भरायचा बारीक, प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर अडॅप्टर घे, गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. दोन ट्यूब, पॅच, छोटा पंप, झालं. वाळू आली की उतरून ढकल, ताकद घालवू नकोस. आणि साताऱ्यात असताना एकदा ठोसेघरवरून चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांपर्यंत समोरच्या वाऱ्यात जाऊन ये. जैसलमेरच्या माळावरही पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या उगाच नाहीत.

प्रश्न : मिरजेतून सायकल रेल्वेने नेता येते का?

उत्तर : येते. जोधपूरची गाडी मिरजेवरून जाते. पार्सल ऑफिसात वेळेच्या बरंच आधी जा, तिकीट आणि ओळखपत्र लागतं. पेडल काढा, हँडल वळवून बांधा, मागचा डिरेल्युअर (गिअर बदलताना चेन सरकवतो तो भाग) पुठ्ठ्यात गुंडाळा, आणि नाव, फोन, कुठून-कुठे हे दोन ठिकाणी लिहा.